पिशवीच तर आहे

आमच्या गावात नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की एकच. दोन लेकरं झाल्यावर होतं ते. ‘तुयं ऑपरेशन झालं काय वं?’ असं कोणी विचारलं तर अपेंडिक्सचं की डोळ्याचं, अशी शंका कोणालाच येत नाही. माझं ते 2004 च्या हिवाळ्यात झालं, शिबिरात. दुसरं 2020 मध्ये, डाव्या छातीचं. त्याला गावात नाव नाही. बाया ‘ते ऑपरेशन’ म्हणतात आणि म्हणता म्हणता स्वतःचा पदर सावरतात. तिसरं या महिन्यात, संक्रांत झाली की, 19 तारखेला आहे. त्याला मात्र नाव आहे, घरोघरचं. पिशवी काढणं.

‘पिशवीच तर आहे,’ धाकटी जाऊ म्हणाली. आम्ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ‘माई नाई काढली का? दोन महिन्यांत निंदाले गेल्ती मी. पलीकडच्या काकूची काढली, तिच्या सुनेची काढली. तुमी बाप्पा उगाच टेन्शन घेऊन रायल्या.’

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, धीरच देत होती. मला सांगावंसं वाटलं की माझी पिशवी त्या कारणानं नाही निघत. पण मग तिनं ‘काहून?’ विचारलं असतं, आणि त्या ‘काहून’च्या मागोमाग दुसरा शब्द अंगणात आला असता. तो आला की कोणी उठून जात नाही. आवाज तेवढे खाली जातात, आणि मग कोणीतरी विषय काढतं की यंदा तुरीला भाव काय राहील. म्हणून मीही म्हटलं, ‘हो ना, पिशवीच तर आहे.’

दोन महिने झाले, मी अशी मधल्यामधे उभी आहे. एक ऑपरेशन इतकं साधं की त्याची कोणी विचारपूस करत नाही. एक रोग इतका मोठा की त्याचं नाव कोणी घेत नाही. माझं जे आहे ते दिसतं पहिल्यासारखं आणि आलंय दुसऱ्यातून. त्याला काय म्हणायचं ते मलाच ठरवता आलेलं नाही, तर जावेनं काय ठरवावं.

मी कपडे शिवते. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या तीन-चार वस्त्यांवर माझे ब्लाउज जातात. शेत आहे पाच एकर, पऱ्हाटी आणि तूर. पण 2020 नंतर मी वेचणीला जात नाही. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला ओरखडा, काटा, सुई काहीच चालत नाही. जखम पिकली की हात सुजतो, आणि एकदा सुजला की उतरायचं नाव घेत नाही. बोंडाची टोकं वाळली की सुईपेक्षा वाईट. बायका ओटी बांधून ओळीनं निघतात तेव्हा मी खिडकीशी मशीनवर असते. आता सवय झाली म्हणायचं.

तर ऑक्टोबरची गोष्ट. दसरा होऊन गेलेला, दिवाळीचे 43 ब्लाउज दोरीवर. परकराच्या मागच्या बाजूला डाग दिसला. चण्याच्या डाळीएवढा, कडेनं पिवळट, मधे गंजाच्या रंगाचा. मला वाटलं मशीनचं तेल. आमची मशीन जुनी आहे, तेल घातलं की दोन दिवस ठिबकते. साबण लावून घासला, गेला. आठ दिवसांनी पुन्हा, तसाच, तिथंच.

माझी पाळी केमोत गेली होती. तिसऱ्या सलाइननंतर थांबली ती थांबलीच. पाच वर्षं होत आली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तो डाग तेलाचा नाही हे कळलं त्या क्षणी मला बरं वाटलं. चक्क बरं. वाटलं, अंग विसरलं नाही अजून. 49 व्या वर्षी, केस परत आले तशी ही पण परत आली. त्या आनंदात मी दिवाळीपर्यंत कोणाला बोलले नाही. खरं तर आनंद चारच दिवस टिकला. बाकीचे दिवस भीती होती, आणि दोरीवर 43 ब्लाउज होते. भीतीला टाळायला काम फार सोयीचं असतं.

मला हे माहीत असायला हवं होतं का? छातीचा रोग परत येऊ नये म्हणून रोज रात्री घेत होते ती टॅमॉक्सिफेनची गोळी, 20 मिलिग्रॅम, 2021 च्या एप्रिलपासून. ती घेताना डाग पडला तर लगेच दाखवायचं, हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. (हा शब्द मी हल्ली जपूनच वापरते.) तो एप्रिल आठवा. दुसरी लाट होती. ओपीडीत मास्कच्या आडून डॉक्टर मॅडम बोलत होत्या, मागे रांग खोकत होती, आणि मला ऐकू आलं ते एवढंच: रोज एक, चुकवायची नाही, पाच वर्षं. पुढचं त्या बोलल्या असतील. फाइलीत कुठं चार ओळी असतीलही. आमच्या मेडिकलवाल्याकडून पट्टी मिळते ती कात्रीनं कापलेली, सोबत कागद नाही. पाच वर्षं मी गोळी बिनचूक घेतली, पण कशाला घाबरायचं ते पाठ केलं नाही.

भाऊबीज झाली आणि मी तालुक्याला एका दवाखान्यात गेले. नागपूरला जायचं म्हणजे घरात सांगावं लागणार होतं, म्हणून तालुक्याला. सोनोग्राफी झाली. पिशवीचं अस्तर 17 मिलिमीटर. पाळी गेलेल्या बाईचं चारच्या आसपास, त्याहून पातळच असावं, असं डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. वय विचारलं, लेकरं विचारली. ‘काढून टाकू. पुढच्या मंगळवारी या. तोवर रक्त थांबायला ह्या गोळ्या, दिवसातून तीनदा.’ मी म्हटलं, माझी कॅन्सरची गोळी चालू आहे. ते म्हणाले, ‘चालू ठेवा.’ मान वर केली नाही.

एक गोळी मी तिथल्याच नळाच्या पाण्यानं घेतली. बसस्टँडवर येऊन चिठ्ठीचा फोटो लेकीला पाठवला. ती वर्ध्याला डी. फार्म करते. तिचा फोन आला तो ओरडतच. ‘आई, ह्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. तुला नाही चालत. थुंकून टाक.’ आता थुंकून काय टाकणार.

झालं असं की माझी गाठ हार्मोनवर पोसणारी होती, फाइलीत ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं आहे. एरवी पाळीच्या रक्तस्रावाला सर्रास देतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या अशा बाईला द्यायच्या नसतात. गोळीनं काही झालं नाही. पण मला राग आला तो गोळीचा नाही, त्या मंगळवारचा. अस्तर जाड का झालं, त्यात आहे काय, हे न बघता पिशवी काढायला निघाले होते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांच्या बातम्या आल्या तेव्हा मी पेपर वाचून हळहळले होते, बिचाऱ्या म्हणून. अंगावरून पांढरं जायला लागलं की काढ, पोट दुखलं की काढ. तेव्हा वाटलं नव्हतं की मंगळवार आपल्याही वाट्याला येऊ शकतो.

घरी सांगितलं. मग नागपूर.

पहाटेची एसटी. अर्ध्या तिकिटात जाता येतं 2023 पासून, पण सीट मिळेलच असं नाही. जामच्या चौकात उजाडतं. या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही कडेच्या बाभळींना कापूस लागलेला असतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून निसटलेला, काट्यांना अडकलेला. परक्या माणसाला वाटेल बाभळीलाच कापूस पिकतो इकडं. बुटीबोरीच्या पुढं तो संपतो आणि कंपन्यांच्या भिंती सुरू होतात.

मॅडम तशाच होत्या, थोड्या पिकलेल्या. त्यांनी मला पहिल्यांदा नीट सांगितलं, की मीच पहिल्यांदा नीट ऐकलं, देव जाणे. ‘ही गोळी अस्तराच्या खालचा थर पण फुगवते. सोनोग्राफीत जाड दिसतं, ते दर वेळी खरं नसतं. म्हणून काही त्रास नसेल तर आम्ही दरवर्षी सोनोग्राफी करत बसत नाही, उगाच घाबरवणं होतं आणि नको ती ऑपरेशनं होतात. पण डाग पडला तर मात्र थांबायचं नाही. एक थेंब असला तरी यायचं. तुम्ही किती दिवस थांबलात?’ मी म्हटलं, दिवाळी होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोलल्या काही नाहीत.

अस्तर जाड झालंय, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि मला नको तिथं हसू येत होतं. मी जन्मभर बायांना विचारत आलेय, ‘अस्तर लावू काय? अस्तराचे वेगळे पडतीन.’ अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढावं लागतं, नाही तर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाउजला सुरकुत्या येतात. माझं आतलं अस्तर आटायच्या ऐवजी फुगलं होतं. 17 मिलिमीटर म्हणजे किती, हे मी घरी येऊन टेपवर बघितलं. बोटाच्या रुंदीएवढं. टेपवर बघायला नको होतं.

मग दुर्बिणीनं तपासणी आणि क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून तपासायला पाठवणं. ते मोजत नाही मी ऑपरेशनांत, भूल दिली तरी. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण पेशींना वळण वाईट लागलंय, त्याला अॅटिपिया म्हणतात. मॅडम म्हणाल्या, ‘अजून घराबाहेर पडल्या नाहीत, पण चपला घालून उंबऱ्यावर आहेत.’ अशा वेळी पिशवी काढल्यावर कधी कधी आत लपलेला कॅन्सरही सापडतो, तेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या बायांना हार्मोनच्या गोळ्या देऊन, नाही तर हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवून हे वळवून आणता येतं. मला ते बंद. म्हणून पिशवी, आणि तिच्यासोबत दोन्ही बीजकोश.

गोळी छातीतला रोग अडवते आणि पिशवीत रोग लावते, हे मला काही केल्या पटेना. एकच गोळी, एकच अंग. मॅडमनी कुलूप-किल्ली करून सांगितलं. मी घरी येऊन ते माझ्या भाषेत बसवलं. पेशीवर काजं असतात आणि अंगातलं इस्ट्रोजेन म्हणजे त्या काजांत बसणारं बटण. बटण बसलं की पेशी वाढायला लागते. टॅमॉक्सिफेन हे खोटं बटण. छातीतल्या काजात ते नुसतं जागा अडवून बसतं, खरं बटण बाहेरच राहतं. पिशवीतल्या काजात मात्र तेच खोटं बटण थोडंफार लागतं. पट्टी बंद होते. म्हणून अस्तर वाढतं. काजं दोन्हीकडं सारखी दिसली तरी कापड वेगळं आहे, एवढंच. हे समजल्यावर माझा गोळीवरचा अर्धा राग गेला. अर्धा आहे अजून.

लेक नाताळच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं या गोळीची जन्मकथा सांगितली. चुलीपाशी बसून शेंगोळे खात ऐकली. 1962 मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन नावाच्या एका बाईनं ती पहिल्यांदा बनवली. नाव नव्हतं, नंबर होता, आयसीआय 46474. आणि बनवली कशासाठी, तर लेकरू राहू नये म्हणून. उंदरांमध्ये जमलं. बायांमध्ये उलटंच झालं, बीज सुटायला तिची मदतच व्हायला लागली. कंपनीच्या दृष्टीनं फसलेली गोळी. मग ती कॅन्सरला लागू पडते हे कळलं, आणि 1973 मध्ये इंग्लंडात तिला त्यासाठी परवानगी मिळाली.

मी हसले तर लेकीला कळेना का हसतेय. म्हटलं, बाई, मी 2004 मध्ये शिबिरात जाऊन पडले ते ज्याच्यासाठी, त्याच्यासाठीच ही गोळी निघाली होती. ती नापास झाली म्हणून मी वाचले.

‘अजून ऐक,’ ती म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1996 मध्ये ही गोळी माणसाला कॅन्सर करणाऱ्या वस्तूंच्या यादीत घातली, पिशवीच्या कॅन्सरसाठी. आणि त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ही गोळी आहे. दोन्ही याद्या खऱ्या. एकाच घरात दोन चुली असतात तसं. सासूबाई हे ऐकत होत्या, त्यांना यातलं काय कळलं कोण जाणे, म्हणाल्या, ‘मंग, इखाचंही औषध होते, माय.’ आणि त्यांनी शेंगोळ्याची वाटी पुढं केली.

दहा वर्षं घ्यायची की पाच, हा प्रश्न माझ्यापुढे येत्या एप्रिलमध्ये येणारच होता. 2012 मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, अॅटलास नावाचा. रोग निघाल्यापासून पाच ते चौदा वर्षांच्या काळात, पाचच वर्षं गोळी घेतलेल्या शंभरातल्या 15 बाया छातीच्या कॅन्सरनं गेल्या, आणि दहा वर्षं घेतलेल्यांतल्या 12. त्याच काळात पिशवीचा कॅन्सर झाला तो पाच वर्षंवाल्यांत शंभरात दीडेक आणि दहा वर्षंवाल्यांत तीनेक. मॅडमनी हे आकडे मला कागदाच्या मागे लिहून दिले होते. म्हणजे व्यवहार फायद्याचाच आहे. तीन बाया जास्त वाचतात, दीड बाईला दुसरं दुखणं लागतं, आणि ते लवकर सापडलं तर बहुतेक वेळा निभावतं. मी हा हिशेब मान्य करते. कापसाच्या व्यवहारात असा सौदा मिळाला तर आम्ही नाचू. पण ती दीड बाई कोणत्या गावची, काय शिवते, हे आकड्यात नसतं, आणि मला ते रात्री दोन वाजता आठवतं.

या गोळीचा एक फार मोठा गुण सांगायचा राहिला. ती स्वस्त आहे. दहा गोळ्यांची पट्टी माझ्या एका अस्तराच्या ब्लाउजच्या शिलाईपेक्षा कितीतरी कमी पैशात येते. केमोचं महात्मा फुले योजनेतून झालं, पण ही पाच वर्षं मी माझ्या शिलाईतून घेतली, कोणापुढे हात पसरला नाही. हे मला तिच्याविरुद्ध बोलताना नेहमी आडवं येतं.

पहिल्या वेळची एक गोष्ट इथं लिहून ठेवते. छातीच्या ऑपरेशननंतर बगलेतून नळी काढलेली असते, तिला प्लास्टिकचा डबा. त्यात लाल-पिवळं पाणी साचतं, ते रोज मोजायचं आणि लिहायचं. कमी कमी होत ठरल्याइतकं खाली आलं की नळी काढतात. दवाखान्यातून मला नळीसकट घरी पाठवलं होतं, दिवस करोनाचे होते. मोजायचं काम यांनी घेतलं. घरात दुसरी वही नव्हती, म्हणून कापसाच्या हिशेबाच्या वहीत लिहायला लागले. ती वही अजून आहे. एका बाजूला वेचणाऱ्या बायांची नावं आणि किलो, दुसऱ्या बाजूला मी. ‘पाणी 140. पाणी 110. पाणी 110. पाणी 85.’ खाली रेघ मारून बेरीज पण केलीय एका पानावर, सवयीनं. बेरजेचं काही काम नव्हतं.

आणि ते खोटं स्तन. दुकानात मिळतं, सिलिकॉनचं, पण तेव्हा नागपूर लांब होतं आणि पैसे आणखी लांब. मी शिवणारी बाई, म्हटलं आपणच करू. पहिलं मऊ सुती कापडात रुई भरून केलं. दिसायला चांगलं, पण हलकं. दुपारपर्यंत ब्लाउज त्या बाजूनं वर चढायचा, खांदा वाकडा व्हायचा. मोहरी घालून बघितली, ती एका कोपऱ्यात जमा व्हायची. शेवटी आमच्याच शेतातला कापूस सरकीसकट घेतला, दाबून भरला, मधे चार टाके घातले म्हणजे सरकी हलत नाही. वजन बरोबर उतरलं. धुता येत नाही, सरकी ओली राहिली की वास येतो, म्हणून वरची खोळ वेगळी, बटणाची. त्याच्या नंतर मी अशी सहा करून दिली आहेत. शेजारच्या तालुक्यातूनही एक बाई आली होती. ती ‘मापाचा ब्लाउज’ म्हणून आली, चहा पिऊन झाला तरी बोलेना. मीच उठून माझं काढून टेबलावर ठेवलं. मग बोलली.

या ऑपरेशनात मात्र शिवून द्यायला काही नाही. बाहेरून काही दिसणारच नाही. म्हणून तर ‘पिशवीच तर आहे’.

काय मजा असते बघा. या दिवसांत माझ्याकडं ऑर्डर आहे ती कापडी पिशव्यांची. हळदी-कुंकवाचं वाण म्हणून हल्ली बाया प्लास्टिकचे डबे सोडून पिशव्या वाटतात. एका मॅडमच्या 51, बचतगटाच्या 60. दिवसभर मी पिशव्या शिवते, आणि दारावरून जाणारी प्रत्येक बाई विचारते, ‘पिशवीचं काय झालं वं?’ काल मी एकीला म्हटलं, ‘चाळीस झाल्या, एकाहत्तर बाकी आहेत.’ तिला आधी कळलं नाही, मग इतकी हसली की ओट्यावर बसली. हसून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, ‘ते परत तं नाई आलं ना, ताई?’ म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. मी तिला सगळं सांगितलं, गोळीचं, काजा-बटणाचं, उंबऱ्यावरच्या चपलांचं. ती दोन महिन्यांतली पहिली बाई, जिला मी पूर्ण सांगितलं. तिनं शेवटी विचारलं ते असं, ‘मंग तुमी ते गोळी फेकून काऊन नाई देल्ली?’ बरोबरच आहे प्रश्न. मी म्हटलं, तिच्यामुळंच तर इथं बसून पिशव्या शिवून रायली.

ऑपरेशननंतर ती गोळी बदलणार. बीजकोशच नसतील, मग लेट्रोझोल नावाची दुसरी. ती पिशवीला काही करत नाही, हाडांना करते. हाडं पातळ होतात, सांधे धरतात, सकाळी बोटं उघडत नाहीत असं ओपीडीतल्या बाया सांगतात. मशीनवर बसणाऱ्या बाईची बोटं. मॅडमनी आधी हाडांची तपासणी लिहून दिलीय, कॅल्शियम लिहून दिलंय, उन्हात चालायला सांगितलंय. उन्हात चालायला विदर्भात कोणी सांगावं लागत नाही. कागदपत्रांचं लिहीत नाही. ज्यानं झेरॉक्सच्या दुकानापुढं उन्हात दोन तास काढलेत त्याला माहीत आहे.

परवा यांनी ती कापसाची वही काढली. यंदाची वेचणी जवळपास उरकली, मागची पानं कोरी होती. कोऱ्या पानावर वर ‘19’ लिहिलं आणि पेन धरून बसले. मग विचारलं, ‘याले नळी रायते काय?’ मी म्हटलं, या ऑपरेशनात लघवीची नळी असते एखाद-दोन दिवस, ती तिथंच काढतात, मोजायचं काम सिस्टरचं. त्यांनी थोडा वेळ पान बघितलं. मग पेनाला टोपण लावलं, वही मात्र तशीच उघडी ठेवली.

टॅमॉक्सिफेन 29 डिसेंबरपासून बंद आहे. तिनं रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका थोडा वाढतो, आणि ऑपरेशननंतर पडून राहिलं की जास्त, म्हणून तीन आठवडे आधी थांबवायची. साडेचार वर्षांपेक्षा जास्त झालं, रात्रीची भांडी झाली की मी मशीनच्या खणातून पट्टी काढायची, बॉबिनच्या डबीशेजारून, आणि माठातलं पाणी घ्यायची. पट्टीत सात गोळ्या शिल्लक आहेत. खण उघडला की चांदीचा कागद आधी दिसतो, दोऱ्याची रिळं नंतर. फेकवत नाही. ठेवून उपयोग नाही.

रोज दिवा घालवल्यावर पलीकडच्या खाटेवरून हे विचारायचे, ‘घेतली?’ मी म्हणायची, ‘घेतली.’ मग झोपायचे. आता बंद आहे हे त्यांना माहीत आहे, तारीख त्यांनीच कॅलेंडरवर लिहिलीय. पहिल्या दोन रात्री तरीही विचारलं, मी म्हटलं बंद आहे ना, तर ‘हो, हो’ म्हणून कूस बदलली. नंतर बराच वेळ खाट वाजत होती, झोप नव्हती लागत.

काल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घेतली.

झोपले.